लिफाफा उघडण्याआधी

ज्याचा दर कमी त्याला काम, ही समजूत ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापुरात अजून पक्की आहे. पण गेल्या सत्तर वर्षांतली इथली मोठी कामे पाहिली, तर दराचा लिफाफा उघडण्याआधीच बरेच काही ठरून गेलेले दिसते.

1950 च्या दशकात मुंबई महापालिकेने वैतरणेवर धरण बांधले, तेच आजचे मोडकसागर. काम केले हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने. वालचंद हिराचंदांच्या या कंपनीची सुरुवातच बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपासून झालेली. सह्याद्रीचा कातळ तिला नवा नव्हता. पुढे मुंबई-नाशिक महामार्गाचा वडपे-गोंदे टप्पा ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीने द्यायचे ठरले आणि निकष बदलला. खडी-डांबराच्या अनुभवाइतकेच वजन बँकेतल्या पतक्षमतेला आले. गॅमनसारखी जुनी कंपनीही भागीदार घेऊनच उतरली.

मुरबाडच्या काळू धरणाची गोष्ट निराळी. ठेका दिला गेला, काम सुरूही झाले, पण वनमंजुरीच नव्हती. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले. जमीन आणि परवानगी हातात नसताना मिळालेला कार्यारंभ आदेश ठेकेदाराच्या काय कामाचा?

समृद्धी महामार्गाच्या चौदाव्या पॅकेजात इगतपुरीकडून शहापूरच्या वाशाळ्याकडे उतरणारा, जवळपास 8 किलोमीटरचा जुळा बोगदा होता. तो ॲफकॉन्सने केला. रोहतांगच्या अटल बोगद्यातही ही कंपनी भागीदार होती. अशा कामाचा दाखला देशात मोजक्यांकडेच. त्यातही नाव पुरत नाही, निविदाक्षमतेचे गणित सुटावे लागते: गेल्या पाच वर्षांतली सर्वांत मोठी वार्षिक उलाढाल, गुणिले कामाची मुदत, गुणिले दोन किंवा अडीच, वजा हातातली अपुरी कामे. म्हणजे भरपूर कामे मिळवलेली कंपनी त्याच कारणाने पुढच्या निविदेत बाद होऊ शकते.

याच महामार्गावर, 31 जुलै 2023 च्या रात्री सरळांबे इथे गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळून 20 जणांचा जीव गेला. कामगारांच्या सुरक्षेची नोंद उलाढालीच्या तोडीने मोजली जावी, असे माझे मत आहे. आज ती तशी मोजली जात नाही.

स्थानिकांच्या वाट्याला काय आले? जिल्हा परिषदेची छोटी कामे मजूर संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात वाटली जातात. मोठ्या कामांवर तालुक्यातली माणसे मुरूम, खडी, डंपर पुरवतात, फार तर पोटठेका घेतात. बिल थकले की आधी त्यांचेच थकते. पूर्णत्वाचा दाखला मात्र मुख्य ठेकेदाराच्या नावावर निघतो. पोटठेक्याला खात्याची लेखी मंजुरी नसेल, तर स्वतः बांधलेली मोरीही पुढच्या निविदेत अनुभव म्हणून दाखवता येत नाही.