पहिला लढाऊ रोबो

लढाऊ रोबो बंद रिंगणात दुसऱ्या रोबोशी झुंजतो आणि बहुतेक वेळा त्याला रिमोटवरून माणूसच चालवतो. सामना सहसा दोन-तीन मिनिटांचा असतो. ठरलेल्या सेकंदांत जो जागचा हलू शकत नाही, तो हरतो. मार्क थॉर्प यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशी स्पर्धा भरवली. पुढे ब्रिटनमधल्या ‘रोबोट वॉर्स’ आणि अमेरिकेतल्या ‘बॅटलबॉट्स’ या टीव्ही मालिकांनी हा खेळ घराघरांत नेला. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘टेकफेस्ट’मध्येही अशा लढती होतात.

कुस्तीप्रमाणे इथेही वजनगट असतात. ‘बॅटलबॉट्स’मधले धूड २५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ११३ किलोंचे असते. याउलट अमेरिकी पद्धतीतला ‘अँटवेट’ जेमतेम १ पौंडाचा, ४५४ ग्रॅमचा. ब्रिटनमध्ये त्याच नावाचा गट १५० ग्रॅमचा आहे. पहिला रोबो अशाच छोट्या गटातला असावा. तो अभ्यासाच्या टेबलावर बनतो, मोडलेला भाग बदलणे परवडते आणि खर्च कमी असल्याने पुढचे प्रयोगही करता येतात. मात्र एकही वस्तू विकत घेण्याआधी स्पर्धेची नियमावली वाचून काढावी. वजन, मापे, चालणारी आणि बंदी असलेली शस्त्रे, सगळे तिथे ठरते.

पहिल्यांदा बनवणाऱ्याचे सगळे लक्ष शस्त्राकडे जाते, पण सामने बहुधा चाकांवर आणि वायरिंगवर हरले जातात. म्हणून सुरुवात चाकांपासून करावी. दोन बाजूंना दोन गिअर मोटर असतात. दोन्ही सारख्या फिरल्या की रोबो सरळ जातो, उलटसुलट फिरल्या की जागच्या जागी वळतो. अँटवेटमध्ये बोटाच्या पेराएवढी ‘एन२०’ मोटर बरीच वापरली जाते. ५० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर वेग सेकंदाला साधारण दीड मीटर होतो. नवशिक्याला एवढा पुरे. चाके सांगाड्याच्या वर-खाली दोन्हीकडे बाहेर आली, तर उलटा पडलेला रोबोही पळत राहतो.

बॅटरीतली वीज मोटरला किती आणि कोणत्या दिशेने द्यायची, हे ईएससी हा छोटा सर्किट बोर्ड सांभाळतो. त्याला हुकूम रिमोटचे संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरकडून मिळतो. बॅटरी लिथियम पॉलिमरची, म्हणजे ‘लायपो’. तिचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो आणि ३ व्होल्टखाली उतरला की खराब होतो. भोक पडले किंवा वायरी एकमेकींना चिकटल्या, तर ती पेटू शकते. त्यामुळे तिच्यासाठीच बनवलेल्या चार्जरवर, कुणाच्या तरी देखरेखीखालीच ती चार्ज करावी आणि फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. डाग दिलेला प्रत्येक जोड ओढून पाहावा. धक्क्याने सुटलेली एक वायर अख्खा रोबो बंद पाडते.

सांगाड्याला एचडीपीई हे चिवट प्लास्टिक चांगले. स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड बऱ्याचदा त्याचाच असतो. ॲक्रिलिक दिसायला सुंदर, पण पहिल्याच ठोक्याला तडकते. वजनाचा हिशेब स्क्रू, वायरी आणि टेपसकट मांडावा आणि थोडे ग्रॅम राखून ठेवावेत.

पहिले शस्त्र म्हणून जमिनीलगतचा उतरता पत्राही पुरतो. प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरून त्याला भिंतीकडे ढकलत नेता आले, तर परीक्षकांकडून नियंत्रणाचे आणि आक्रमकतेचे गुण मिळतात. फिरत्या पात्याचा मोह पुढच्या रोबोसाठी ठेवलेला बरा. पात्याचा फिरण्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा चौपट होते. शिवाय उभे पाते जोरात फिरत असताना रोबो झटकन वळवला, तर गायरोच्या परिणामामुळे त्याची एक बाजू उचलली जाते. असा रोबो चालवायलाही हात बसावा लागतो.

पाते छोटे असले तरी बोट कापू शकते. रिंगणाबाहेर त्याला कायम कुलूप, म्हणजे ते फिरूच नये अशी अडकवलेली पिन हवी. बॅटरी पटकन तोडता येईल असा स्विच किंवा काढता येणारा जोड बाहेरून हाताशी येईल असा ठेवावा. रिमोट बंद केल्यावर चाके आणि शस्त्र आपोआप थांबतात का, हे स्पर्धेआधीच्या तपासणीत पाहिले जाते. घरी ही चाचणी चाके अधांतरी धरून, शस्त्र काढून ठेवून करावी. फिरत्या शस्त्राची चाचणी मात्र जाड पॉलिकार्बोनेटच्या बंद पेटीतच.

रोबो स्पर्धेच्या निदान दोन आठवडे आधी तयार असला, तर चालवण्याचा सराव होतो. दोन सामन्यांमधल्या वेळेत चाक बदलणे, वायर जोडणे आणि बॅटरी भरणे एवढेच जमते. म्हणून जादा मोटर, चाके, स्क्रू आणि भरलेली दुसरी बॅटरी सोबत न्यावी.