बेवडाचे बळ आणि मुळांवरील गाठी

हरभऱ्याच्या रानात पुढील हंगामी ज्वारी पेरली असता ती इतर रानांतील ज्वारीपेक्षा अधिक जोमाने वाढते, हे आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अशा रानाचा ‘बेवड चांगला’ असे म्हणण्याची रीत आहे. तूर, मूग, उडीद, भुईमूग या सर्व द्विदल पिकांविषयी थोडाफार हाच अनुभव येतो. अनुभव जुना असला तरी त्यामागील कारण मात्र फार उशिरा उमगले.

हवेत आकारमानाने सुमारे ७८ टक्के नत्र असते. एक हेक्टर जमिनीवरील हवेत नत्राचा साठा जवळजवळ ७८ हजार टन भरतो. असे असूनही त्याच जमिनीतील पीक नत्रावाचून पिवळे पडते. हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांस इतके घट्ट जखडलेले असतात की, कोणत्याही वनस्पतीस ते स्वबळाने सोडविता येत नाहीत. द्विदल पिके ही अडचण कशी दूर करतात, याचा उलगडा १८८६ साली जर्मन शास्त्रज्ञ हेलरीगेल यांनी केला. द्विदल पिकांस हवेतील नत्र मिळते ते त्यांच्या मुळांवरील गाठींमुळे, असे त्यांनी दाखवून दिले. १८८८ साली हॉलंडमधील बायरिंक यांनी या गाठींतील जिवाणू वेगळे काढले. ऱ्हायझोबियम म्हणतात ते हेच जिवाणू.

गाठीच्या आत काय घडते?

खताच्या कारखान्यात हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करावयाचा तर सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णता आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब द्यावा लागतो. जिवाणू हेच कार्य जमिनीच्या साध्या उष्णतामानात करतात. त्यांचे साधन म्हणजे नायट्रोजिनेज नावाचे विकर, अर्थात एन्झाइम. या विकराचे दोन भाग असतात. लोहयुक्त भाग इलेक्ट्रॉन पुरवितो. लोह व मॉलिब्डेनम यांनी युक्त असा दुसरा भाग नत्राची जखड सोडवून त्यापासून अमोनिया तयार करतो.

मात्र हे काम फुकट होत नाही. नत्राच्या एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू तयार होताना पेशीतील शक्तीचे चलन म्हणता येईल अशा एटीपीचे निदान १६ रेणू खर्ची पडतात. ही शक्ती पीक आपल्या पानांत तयार झालेल्या शर्करेतून पुरविते. हा सौदा लक्षात घेतला म्हणजे शेतातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. जमिनीत युरिया भरपूर असेल तर पीक आयते नत्र घेते आणि गाठी धरण्याचे टाळते. स्फुरद कमी पडले किंवा पाणी साचून मुळे गुदमरली तरी गाठींचे काम मंदावते.

या विकरास प्राणवायूचे वावडे आहे. त्याच्या संपर्काने ते निकामी होते. जिवाणूंस मात्र श्वसनासाठी प्राणवायू हवाच असतो. हा पेच सुटतो तो गाठीतील लाल द्रव्यामुळे. हे द्रव्य आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या जातीचे आहे, असे १९३९ साली जपानमधील कुबो यांनी ओळखले. त्यास लेगहिमोग्लोबिन म्हणतात. ते प्राणवायू मोकळा राहू देत नाही, पण जिवाणूंस लागेल तेवढा पोचविते.

नखाची परीक्षा

या लाल रंगाचा शेतकऱ्यास मोठा उपयोग आहे. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास शेताच्या चार ठिकाणची रोपे घ्यावीत. ती उपटू नयेत, कारण गाठी तुटून मातीतच राहतात. वाफसा असताना खुरप्याने मातीच्या ढेकळासह काढून मुळे पाण्यात हलकेच धुवावीत. गाठ नखाने फोडून पाहावी. आतील भाग लाल वा गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे. तो पांढरा असेल तर गाठ कामाची नाही; हिरवट वा तपकिरी असेल तर तिचे काम संपले आहे. केवळ गाठींची संख्या पाहून समाधान मानू नये.

बीजप्रक्रियेतील चुका

गाठी नसतील किंवा पांढऱ्या असतील तर पुढील पेरणीस जिवाणू संवर्धन अवश्य वापरावे. सर्व पिकांना एकच जिवाणू चालत नाही. हरभऱ्याचा सोयाबीनला चालत नाही, आणि सोयाबीनचा हरभऱ्याला उपयोगी पडत नाही. म्हणून पाकिटावरील पिकाचे नाव व वापराची अंतिम तारीख वाचूनच ते घ्यावे. पाकिटात जिवंत जीव आहेत, हे विसरून ते उन्हात वा तापलेल्या पत्र्याखाली ठेवले, तर पेरणीच्या दिवशी हाती उरते ती केवळ काळी भुकटी.

सर्वसाधारणपणे १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धन पुरते. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावून सुकू द्यावे. जिवाणूंची पाळी सर्वांत शेवटी. थंड झालेल्या गुळाच्या पाण्यात संवर्धन कालवून ते बियाण्यावर हलक्या हाताने चोळावे. सोयाबीनची साल नाजूक असल्याने विशेष जपावे. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे, आणि रासायनिक खतात मिसळू नये.

बेवडाचा हिशेब

द्विदल पीक घेतले की जमीन आपोआप सुधारते, हा समज मात्र पुरता खरा नाही. सोयाबीनच्या दाण्यांत नत्राचा मोठा भाग शेताबाहेर जातो. मळणीनंतरचे कुटारही विकले किंवा जाळले, तर जमिनीच्या वाट्यास फारसे काही येत नाही. उलट तिचे देणेच वाढू शकते. तुरीचा बेवड चांगला मानतात, त्याचे एक कारण तिची भरपूर पानगळ हे होय. ती पाने रानातच कुजतात. यास्तव कुटार, पाला आणि मुळे जमिनीस परत मिळतील अशी व्यवस्था करावी.

जिवाणूंनी हवेतून मिळविलेल्या नत्राची पावती कोणी देत नाही. ती मुळांवर वाचावी लागते, आणि त्यास एक खुरपे, पाण्याची बादली व घटकाभर वेळ एवढेच पुरे होते.