पडघ्याच्या मुलांनी जावे, तिकडच्यांनीही पडघ्याला यावे

पुणे जिल्हा परिषदेने २०२५मध्ये आपल्या शाळांतली २५ मुले 'नासा'च्या भेटीसाठी निवडली. परीक्षा 'आयुका'ने घेतली. खेड्यातल्या सरकारी शाळेतून थेट अमेरिका, हे तोवर कुणी फारसे मनावर घेतले नव्हते.

भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याच्या मुलांनाही एक वाट खुली आहे, आणि तिला श्रीमंती लागत नाही. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत सहावीपासूनच्या मुलांच्या नव्या कल्पना शाळा ऑनलाइन पाठवते. निवड झाली की नमुना बनवायला १० हजार रुपये मिळतात. मग जिल्हा, राज्य, देश अशी प्रदर्शने. त्यात देशपातळीवर चमकलेली काही मुले जपानच्या 'साकुरा सायन्स' कार्यक्रमातून तिकडे जाऊन आली आहेत. जपानने तो २०१४मध्ये सुरू केला.

तिथल्या प्रयोगशाळा बघाव्यातच. मला मात्र तिथली साधी शाळा जास्त मोलाची वाटते. बहुतेक शाळांत वर्ग आणि व्हरांडा मुलेच झाडतात, पुसतात. प्राथमिक शाळेत दुपारचे जेवणही मुलेच पाळीपाळीने, एप्रन आणि टोपी घालून वाढतात. झाडू कुणी हातात घ्यायचा आणि कुणाच्या हातचे खायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवले; घरात ते अजून बाईच्या वाट्याला येते. आपल्या शाळेतला पोषण आहार खाऊन मोठे झालेले मूल हे डोळ्यांनी बघून आले, तर नागरिकशास्त्राचा अख्खा धडा त्याला वेगळा कळेल.

पण आठ दिवसांत बसच्या खिडकीतून देश कळत नाही. रोटरीच्या युवा विनिमयात १५ ते १९ वयाची मुले शैक्षणिक वर्षभर परक्या कुटुंबात राहतात, तिथल्याच शाळेत जातात. विनिमय म्हणजे तिकडचे मूलही आपल्या घरी येणार. ही अर्धी बाजू आपण विसरतो.

ते पडघ्याला आले तर दाखवायला पुष्कळ आहे. भाताची लावणी आहे, आदिवासी पाडे आहेत, अवघ्या देशाचा माल साठवणारी भिवंडीची गोदामे आहेत. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर आलेली उच्चदाब वीजवाहिनी पडघ्यालाच संपते. ती १९९९मध्ये सुरू झाली. आणि जुन्या ठाणे जिल्ह्यातले कोसबाड आहे. माँटेसरींचा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे आदिवासी मुलांच्या अंगणात नेला, महागडी साधने बाजूला ठेवून पाने, बिया, शिंपले वापरले. परदेशातून काय घ्यावे आणि ते आपल्या मातीत कसे रुजवावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मुख्याध्यापकांनी यंदा 'मानक'ची नोंदणी चुकवू नये. आणि पालकांनो, मुलीचाही पासपोर्ट काढून ठेवा.