व्यसनाच्या औषधाचं व्यसन?

मराठीत आपण 'व्यसनमुक्ती' म्हणतो. डच लोक याच कामाला 'फेरस्लाविंग्सझोर्ख' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'व्यसनाची काळजी'. आमच्या टिलबर्गमध्ये आणि एकूणच उत्तर ब्राबांत प्रांतात हे काम करणारी संस्था म्हणजे नोव्हाडिक-केंट्रॉन. मुक्ती म्हटलं की काहीतरी कायमचं सुटायला हवं. काळजी वर्षानुवर्षं चालू राहिली तरी कुणाला त्यात वावगं वाटत नाही. हेरॉइन किंवा वेदनाशामक ओपिऑइड गोळ्यांच्या व्यसनावर जी औषधं दिली जातात, त्यांच्याबद्दलचा बराचसा वाद या दोन शब्दांमधल्या अंतरात मावतो. त्यातून व्यसनाच्या जोडीला नैराश्य, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल, तर गुंता आणखी वाढतो.

हा विषय फक्त रस्त्यावरच्या 'गर्दुल्ल्यां'चा आहे, असं समजू नका. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओपिऑइड घेणाऱ्यांची संख्या २००८ ते २०१७ या काळात जवळजवळ दुप्पट झाली, आणि त्यात मोठा वाटा ऑक्सिकोडोनचा होता. गुडघ्याच्या किंवा पाठीच्या ऑपरेशननंतर घरी आलेली ही गोळी सगळ्यांच्याच कपाटात असू शकते. भारतात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सुमारे २.१ टक्के लोक कुठलं ना कुठलं ओपिऑइड घेत होते, आणि अंदाजे ७७ लाख लोकांना त्यासाठी मदतीची गरज होती.

आता औषधांकडे वळू. मुख्य दोन: मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूत 'म्यू' नावाचे ग्राहक असतात, त्यांवर हेरॉइन जाऊन बसतं. मेथाडोनही तिथेच बसतं, पण सावकाश चढतं आणि साधारण दिवसभर टिकतं. त्यामुळे झटक्यात येणारी नशा नाही आणि दर काही तासांनी अंग मोडून काढणारी तलफही नाही. ब्युप्रेनॉर्फिन त्याच ग्राहकांना जास्त घट्ट धरतं, पण त्यांना अर्धवटच चालू करतं. एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी त्याचा परिणाम फारसा वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडण्याचा धोका कमी. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी १९६५ मध्ये मेथाडोनचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ॲमस्टरडॅममध्ये १९७९ पासून मेथाडोन वाटणारी बस फिरू लागली.

"एक व्यसन सोडून दुसरं धरलं, एवढंच ना?" हा आक्षेप तेव्हापासून आहे. माझ्या मते त्याचं उत्तर तत्त्वज्ञानात शोधू नये, मृत्यूच्या आकड्यांत शोधावं. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. मेथाडोन चालू असताना दर हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू होते. उपचार सोडलेल्यांमध्ये ३६. ब्युप्रेनॉर्फिनसाठी हेच आकडे ४ आणि ९ च्या आसपास. उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सगळ्यांत वाईट, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुनाच डोस घेतो. मेथाडोन सुरू करतानाचे पहिले आठवडेही जपायचे असतात, कारण ते शरीरात हळूहळू साठत जातं.

इतके स्पष्ट आकडे असूनही लोक नको का म्हणतात? "अज्ञान" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाच्या नकारामागे बऱ्याचदा त्याचा खराखुरा अनुभव असतो, फक्त त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो.

कार्बामाझेपिन घ्या. बायपोलर किंवा फिट्स यांसाठी दिली जाणारी ही गोळी यकृताला मेथाडोन भराभर मोडायला लावते. मेथाडोनवर स्थिर असलेल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञ ही गोळी सुरू करतो, आणि काही दिवसांत त्याला घाम, जुलाब, हाडांत कळा. तो म्हणतो, "मेथाडोनचा काही उपयोग नाही." त्याच्या बाजूने तो बरोबरच बोलतोय! फ्लुव्हॉक्सामिन हे नैराश्यावरचं औषध याच्या उलट, मेथाडोनची पातळी वाढवतं. सिटालोप्राम किंवा हॅलोपेरिडॉलसोबत मेथाडोन असेल तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी काढावा लागतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या सोबत असतील तर श्वास मंदावतो. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि मधे कुणीच नाही, असं झालं की भोगायचं रुग्णाने.

ब्युप्रेनॉर्फिनचीही अशीच एक खोड आहे. शरीरात अजून हेरॉइन असताना ते घेतलं, तर ते हेरॉइनला ग्राहकांवरून ढकलून देतं आणि तासाभरात भयंकर तलफ उसळते. एकदा हे भोगलेला माणूस पुन्हा त्या गोळीला हात लावत नाही आणि चार मित्रांनाही सांगतो.

"मेथाडोनने हाडं कुजतात" ही समजूत जगभर आहे. हाडं कुजत नाहीत. डोस कमी पडला की हाडं दुखतात, आणि तोंड कोरडं पडून दात किडतात, तेव्हा समजूत आली कुठून ते कळतं.

मग मनाचा भाग. ओपिऑइड भीती आणि दुःखही बोथट करतं. ब्युप्रेनॉर्फिनवर गेल्यावर काहींना डोकं फार लख्ख, फार जागं वाटतं, आणि इतकी वर्षं झाकलेलं सगळं वर येतं. ज्याला कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटत असतं, त्याला रोज नर्ससमोर औषध गिळून तोंड उघडून दाखवायचं म्हणजे काय, विचार करा. युरोपात २०१८ पासून ब्युप्रेनॉर्फिनचं आठवड्याला किंवा महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. त्याने रोजची फेरी वाचते. पण पूर्वी मनाविरुद्ध इंजेक्शन टोचून घेतलेल्या रुग्णाला तेही नकोसं वाटू शकतं.

आपल्याकडचा इतिहास इथे आठवतो. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. 'गर्द'वरच्या अनिल अवचटांच्या लेखांनी अनेक मराठी घरांना पहिल्यांदा हा विषय कळला, पु. ल. आणि सुनीताबाईंनी आर्थिक पाठबळ दिलं. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानायचं, हे त्या वेळी फार मोठं पाऊल होतं. मात्र मराठी मनात उपचार म्हणजे 'पूर्ण बंद' हेच समीकरण पक्कं बसलं. नैराश्याच्या गोळ्यांनाही आपण हेच विचारतो: "आयुष्यभर घ्यायच्या का?" मधुमेहाच्या गोळीला मात्र हा प्रश्न एवढ्या दुखऱ्या स्वरात कुणी विचारत नाही.

म्हणून घरात कुणी या औषधांवर असेल तर "कधी बंद करणार?" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी हे विचारा: मनोविकारतज्ज्ञाला मेथाडोनचा डोस माहीत आहे का, आणि व्यसनाच्या डॉक्टरांकडे मानसिक आजाराच्या सगळ्या गोळ्यांची यादी आहे का? इथे सुरुवात हाउसआर्ट्सकडे करता येते. त्यांच्या भेटीला वर्षाच्या ३८५ युरोंच्या 'आयखन रिसिको'तले पैसे जात नाहीत, तज्ज्ञांकडच्या उपचाराला जातात. औषधं एकाच अपोथेकमधून घ्या, म्हणजे न जुळणाऱ्या गोळ्या त्यांच्या संगणकावर दिसतात.

आणि सुट्टीत भारतात जाणार असाल तर आधीच तयारीला लागा. शेंगेनचं प्रमाणपत्र भारतात चालत नाही. डॉक्टरांचं इंग्रजी पत्र लागतं आणि सीएके या सरकारी कार्यालयाकडून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतात, तेव्हा भारतीय दूतावासालाही विचारून ठेवा. कागद नाहीत म्हणून "तीन आठवडे नाही घेतलं तर काय होतंय" असं ठरवून गोळ्या घरी ठेवून जाऊ नका. वर दिलेले चार आठवडे आठवा.