बाटलीत साठवलेले न्यूट्रॉन

अणुभट्टीत युरेनियमचे केंद्रक दुभंगले की न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. त्याच्यावर विद्युतभार नसल्यामुळे साध्या धातूची भिंत तो सहज भेदतो. तरीही असा कण भांड्यात साठवता येईल, असे १९५९ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी मांडले. १९६८ मध्ये दुब्ना येथे फ्योदोर शापिरो यांच्या गटाला साठवता येण्याजोगे अतिशीत, म्हणजे अत्यंत संथ, न्यूट्रॉन प्रत्यक्ष सापडले, आणि तेही स्पंदी, म्हणजे झटक्याझटक्याने चालणाऱ्या, अणुभट्टीवर.

साठवणीची अट एकच : वेग सेकंदाला सात-आठ मीटरांच्या आत हवा. इतक्या संथ न्यूट्रॉनची तरंगलांबी अणूंमधल्या अंतराच्या शेकडोपट असते. त्यामुळे एकेका केंद्रकाशी गाठ न पडता त्याला सगळी भिंत सलग भासते आणि कोणत्याही कोनातून आदळला तरी तो परततो. गुरुत्वाकर्षणापुढेही त्याचे फारसे चालत नाही. जेमतेम तीन मीटर चढला की तो खाली येतो.

असे न्यूट्रॉन पुरवणाऱ्या जर्मनीतील माइन्झ विद्यापीठाच्या ‘ट्रिगा’ या स्पंदी अणुभट्टीची नेहमीची शक्ती फक्त १०० किलोवॅट. पण दाबाखालच्या हवेने नियंत्रक दांडी झटक्यात वर फेकली की काही मिलिसेकंदांपुरती ती २५० मेगावॅटवर पोचते. इंधनात झिर्कोनियम हायड्राइड मिसळलेले असते. ते तापले की त्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनांचा वेग वाढवतो, विखंडन मंदावते आणि स्पंद आपोआप विझतो. काही मिनिटांनी पुढचा स्पंद देता येतो.

गाभ्याजवळच्या नळीत गोठवलेले ड्युटेरियम (जड हायड्रोजन) असते, शून्याखाली सुमारे २६७ अंश सेल्सिअसवर. आधीच मंदावलेला न्यूट्रॉन त्यात शिरला की उरलेली ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांना देऊन टाकतो. स्फटिक इतका थंड असतो की ती ऊर्जा परत देण्याजोगी कंपने त्यात फारशी नसतात. मग हे न्यूट्रॉन गुळगुळीत नळ्यांतून प्रयोगाच्या भांड्यात येतात.

इथे स्पंदाचा फायदा दिसतो. भांडे एकदा भरले की झडप बंद करून मोजणी सुरू होते, आणि त्या वेळात भट्टी चालू असली तर तिच्या प्रारणाचा मोजमापाला त्रासच होतो. स्पंदी भट्टी नेमकी तेव्हा शांत असते.

मोजायचे काय, तर मुक्त, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या, न्यूट्रॉनचे आयुष्य. बाटलीतल्या प्रयोगांत ते सरासरी सुमारे ८७८ सेकंद भरते, तर न्यूट्रॉनांच्या झोतावरच्या प्रयोगांत सुमारे ८८८. महास्फोटानंतर विश्वात किती हेलियम तयार झाला, याचे गणित याच आकड्यावर उभे आहे, म्हणून दहा सेकंदांचा हा फरक संशोधकांना स्वस्थ बसू देत नाही. त्याचा निकाल लावण्याच्या कामात विद्यापीठातली १०० किलोवॅटची भट्टीही मोठ्या अणुभट्ट्यांच्या पंगतीला बसते, कारण या प्रयोगांना अखंड झोत लागत नाही. भांडे एकदा नीट भरले की पुरते.