दिवाणखान्यांतील हरवलेला खर्ज

सदाशिव पेठेंतील एखाद्या जुन्या वाड्याची जागा सिमेंटच्या इमारतीनें घेतली, म्हणजे घरांत उजेड येतो, सोयी येतात. पण गाण्याच्या शौकिनापुढें बहुधा एक नवेंच कोडें उभें राहतें. उत्तम स्पीकर आणले, ध्वनिमुद्रणही निवडक लावलें, तरी खुर्चींत बसलेल्या आजोबांना तंबोऱ्याचा खर्ज पोकळ लागतो, आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या नातवाला तोच खर्ज नकोसा होईल इतका घुमतो. दोष दुकानदाराच्या माथीं मारला जातो. तो पुष्कळदां खोलीचा असतो.

याचें कारण समजण्यास थोडें गणित पुरतें. २५ अंश सेल्सिअस उष्णतामानांत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४६ मीटर धांवतो. काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सेकंदाला सुमारें १३९ कंपनांचा, आणि तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारें ६९ कंपनांचा. ३४६ ला ६९ नें भागलें कीं त्या स्वराची तरंगलांबी निघते : पांच मीटर. आतां सदनिकेंतील दिवाणखाना पांच मीटर लांब असणें कांहीं नवलाचें नाहीं. तसा तो असला, कीं समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि हवेंत जागच्या जागीं एक स्थिर तरंग उभा राहतो. दोन्ही भिंतींपाशीं व खोलीच्या मध्यावर हवेच्या दाबाचा चढउतार सर्वांत मोठा. भिंतीपासून सव्वा मीटरवर मात्र तो जवळजवळ शून्य. आजोबांची खुर्ची नेमकी तेथें आहे. स्वर त्यांना ओळखतां येतो, कारण वरचे उपस्वर शिल्लक असतात. त्याखालचा भार तेवढा नाहींसा होतो.

रुंदी व उंचीही असाच खेळ करितात. दोन्ही तीन-तीन मीटर असल्या तर दोहोंचा घुमारा ५८ कंपनांच्या एकाच स्वरावर येऊन दुणावतो. चौकोनी पेटीसारखी खोली संगीताला वाईट, ती याचसाठीं.

अमेरिकेंत हार्वर्ड येथें वॉलेस सबाइन यानें १८९५ मध्यें एका व्याख्यानगृहाचा प्रतिध्वनि मोजावयास घेतला, तो ऑर्गनची नळी, घड्याळ आणि शेजारच्या नाट्यगृहांतून रात्रीं वाहून आणलेल्या गाद्या यांच्या साहाय्यानें. गाद्या वाढल्या कीं घुमारा लवकर विरतो, हें त्यानें आंकड्यांत मांडलें. पण त्याचा नियम मोठ्या दालनाचा. लहान खोलींत खर्जाच्या लहरी खोलीएवढ्याच लांब असतात; तेथें पडदे व गालिचे वरचे स्वर शोषून घेतात आणि खर्जाला हातही लावीत नाहींत. जुन्या वाड्यांतील लांकडी तक्तपोशी व फळ्यांची जमीन मात्र खर्जाबरोबर स्वतः थरथरत आणि त्याचा कांहीं जोर जिरवीत. काँक्रीट तसें कांहीं करीत नाहीं.

म्हणून कानाच्या अंदाजापेक्षां मोजणी बरी. नेहमींच्या बैठकीवर कानाच्या उंचीइतका मोजणीचा मायक्रोफोन ठेवावा आणि स्पीकरमधून २० पासून २०० कंपनांपर्यंत चढत जाणारा सूर सोडावा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही संगणकावरील प्रणाली विनामूल्य मिळते. ती त्याचा आलेख काढते. आलेखांत डोंगर आणि दऱ्या दिसतील, त्यांचें भय वाटूं देऊं नये. तसा तो प्रत्येक घरांत निघतो. मायक्रोफोन हातभर पुढें-मागें सरकवून पुन्हा मोजलें म्हणजे कोणती दरी खुर्चीबरोबर हलते तें कळतें. आजोबांची खुर्ची सव्वा मीटरवरून १.९ मीटरवर नेली, तर त्यांचा खर्ज बराचसा परत येतो. तेवढ्यासाठीं एक पैचाही खर्च नाहीं.

खर्जाच्या वेगळ्या स्पीकरची जागा शोधण्याची युक्ति तर गमतीची आहे. तो स्पीकर खुर्चीवर ठेवावयाचा आणि श्रोत्यानें भिंतीच्या कडेनें जमिनीवर रांगत ऐकावयाचें. जेथें खर्ज सारखा व स्वच्छ वाटेल, तेथें स्पीकर न्यावयाचा. ध्वनीचा उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी दोहोंमधील संबंध बदलत नाहीं, या नियमावर ती आधारलेली आहे. पाहुणे नसतांना करावी, हें उत्तम. भिंतीपासून एक मीटरवर ठेवलेल्या स्पीकरचा ८६ कंपनांचा सूर भिंतीवरून उलटा येऊन स्वतःलाच मारतो, हेंही ध्यानांत असावें. वीतभर अंतरावर आणला तर हा उपद्रव खर्जाच्या प्रदेशाबाहेर जातो.

विजेच्या साहाय्यानें केलेली दुरुस्ती डोंगर छाटूं शकते, दरी बुजवूं शकत नाहीं. दरींत जोर ओतला तर तितकाच जोर उलट लहरींतही जातो; खुर्चीवर शून्य तें शून्यच राहतें, आणि वाढलेला खर्ज आजोबांऐवजीं खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाला ऐकूं येतो.