पुंगळी, दारू आणि परवाना

जुन्या रिव्हॉल्व्हरची किंवा रायफलीची ओळख तिच्या दस्त्यावरच्या नक्षीपेक्षा तिच्या काडतुसावरून अधिक खात्रीने पटते, कारण शस्त्र घडवणाऱ्याने नळीची जाडी, कप्प्याची लांबी आणि पोलादाची ताकद त्या काळी मिळणाऱ्या दारूच्या हिशेबानेच ठरवलेली असते. काडतुसाचे घटक चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली आणि आघाताने पेट घेणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते आणि दारू जळते, पण पुंगळी शाबूत राहते. तिला पुन्हा मापात आणून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून काडतूस तयार करणे, यालाच हँडलोडिंग म्हणजे हाताने काडतूस भरणे म्हणतात. अमेरिकेत जुनी शस्त्रे जमवणाऱ्यांचा हा नित्याचा उद्योग आहे, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अनेक काडतुसे आता कारखान्यांतून क्वचितच निघतात.

या छंदाच्या केंद्रस्थानी असलेली लिव्हर-ॲक्शन रायफल म्हणजे चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर केली की रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी आणि नवे काडतूस नळीत बसवणारी रायफल. विंचेस्टर कंपनीची 1873 ची रायफल ही तिची सर्वांत प्रसिद्ध जात असून तिच्या .44-40 या काडतुसाच्या नावातच त्याचे माप आहे: 44 हा आकडा गोळीचा ढोबळ व्यास इंचाच्या शतांशांत सांगतो, तर 40 म्हणजे काळ्या दारूचे 40 ग्रेन, सुमारे अडीच ग्रॅम. पुढे कोल्टने याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले आणि रायफल व रिव्हॉल्व्हर या दोहोंसाठी काडतुसांचा एकच पट्टा कमरेला बांधणे शक्य झाले. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ओळीने राहतात, त्यामुळे टोकदार गोळी वापरली तर धक्क्यासरशी तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटून बार आतच उडण्याची भीती असते. म्हणून या काडतुसांच्या गोळ्या चपट्या तोंडाच्या ठेवल्या गेल्या. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेल्या 1895 च्या विंचेस्टरमध्ये काडतुसे पेटीत एकावर एक बसत असल्याने ही अडचण उरली नाही. दक्षिण भारतातील शिकारकथांचे लेखक केनेथ अँडरसन यांच्या हाती असे ती याच जातीची, .405 मापाची रायफल.

मात्र 1884 मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने धूर न करणारी दारू शोधली आणि शस्त्रांचे जग दोन काळांत विभागले गेले. काळी दारू ढगभर धूर सोडते आणि नळीत काजळीचा थर ठेवते, पण तिचा दाब तुलनेने सौम्य असतो. बिनधुराची दारू थोड्या वजनात कितीतरी अधिक जोर देते. काळ्या दारूसाठी घडवलेल्या शस्त्रात नव्या दारूचे जोरदार काडतूस घातले तर नळी किंवा रिव्हॉल्व्हरमधले काडतुसे धरणारे चक्र फाटू शकते. त्यात आणखी एक फसगत आहे. जुन्या लांब पुंगळीत नव्या दारूचे योग्य माप तळाशीच राहते, वरची जागा मोकळी दिसते, आणि चुकून दुप्पट दारू पडली तरी डोळ्यांना ते कळत नाही. पहिल्या महायुद्धातील .455 मापाची इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरे अमेरिकेत पोहोचल्यावर तेथे सहज मिळणारे .45 चे पिस्तुली काडतूस बसावे म्हणून अनेकांची चक्रे मागून तासण्यात आली. ते काडतूस मूळ काडतुसापेक्षा बरेच अधिक दाबाचे असल्याने तासलेली ही शस्त्रे आज जाणकारांना धोक्याची वाटतात.

महाराष्ट्रात या विषयाचे रूप पार वेगळे आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करता येत नाही, आणि घरच्या टेबलावर काडतूस भरणे त्यातच मोडते. वर्षाला किती काडतुसे घ्यायची हेही परवान्यावर नोंदलेले असते. लष्करी काडतुसे वापरणारी .303 सारखी शस्त्रे सामान्य नागरिकाला मिळत नसल्याने येथे .315 ची रायफल आणि .32 चे रिव्हॉल्व्हर रुळले. कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .32 रिव्हॉल्व्हरची घडण जुन्या वेब्लीवर बेतलेली आहे, म्हणजे मधोमध मोडून उघडणारी ती इंग्रजी रचना आपल्याकडे अजूनही नवी विकली जाते. शिवाय 1980 च्या दशकाच्या मध्यापासून शस्त्रांची खासगी आयात जवळजवळ थांबल्याने आजोबांच्या काळातले परदेशी रिव्हॉल्व्हर लाखोंच्या घरात जाते.

काडतुसांचा मराठी मुलूख मात्र जुना आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 मध्ये सुरू झाला. तेथे बनलेल्या पुंगळीच्या बुडावर टोपीभोवती कोरलेली के आणि एफ ही रोमन अक्षरे आणि वर्षाचे आकडे वाचणे ही संग्राहकाची बाराखडी होय. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथ येथे 1953 पासून धातुकामाचा सरकारी आयुध कारखाना आहे, तर खानदेशात वरणगावला बंदुकी काडतुसांचाच कारखाना आहे.

तरीही हाताने बार भरण्याची खरी मराठी परंपरा कारखान्यात नसून कोकणच्या भातशेतीत आहे. ठासणीच्या बंदुकीत पुंगळी नसतेच. नळीच्या तोंडातून मापाने दारू ओतायची, वर बोळा घालून गजाने ठासायचे, छर्रे सोडून पुन्हा बोळा बसवायचा आणि शेवटी घोड्याखालच्या चोचीवर केप म्हणजे आघाताने पेटणारी टोपी चढवायची, असा प्रत्येक बार शेतकरी स्वतःच रचत आला आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये पीकरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे, आणि रानडुकरांपासून भात राखण्यासाठी असे परवाने दिले जातात. या बंदुकीची निगा हेच एक शास्त्र आहे. जळलेल्या काळ्या दारूचे क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात एका रात्रीत नळीला तांबूस गंज चढतो, म्हणून बार काढल्यावर गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवल्याशिवाय ती खुंटीला टांगायची नसते. ही माहिती जपलेला वृद्ध शेतकरी कोणत्याही हौशी संग्राहकाहून कमी जाणकार नाही, आणि त्याच्या ज्ञानाची नोंद क्वचितच झाली आहे, ही खरोखर खेदाची बाब आहे. या बंदुकीची आणखी एक अडचण म्हणजे निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. महाराष्ट्राच्या 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही विधानसभा निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे भात पिकून कापणीला येण्याच्या दिवसांत झाल्या. कोणाचे शस्त्र जमा करायचे हे छाननी समितीने एकेका परवान्याचा विचार करून ठरवायचे असते, आणि पीकरक्षणाच्या बंदुकीबाबत हा विचार खरोखर व्हायला हवा.

उदाहरणार्थ, ठाणे जिल्ह्यातील भिवंडीत वडिलोपार्जित शस्त्र हाती आलेल्या वारसाने पहिली गोष्ट करायची ती परवान्याची. शहर ठाणे पोलीस आयुक्तालयात येत असल्याने तेथील अर्ज आयुक्तालयाकडे, तर तालुक्याच्या आयुक्तालयाबाहेरील गावांतील अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. तोवर, परवानाधारक वारल्यावर कलम 21 प्रमाणे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणल्याने मोठ्या घराण्यांतील संग्रह आपोआप विखुरतात. शस्त्र केवळ जुने आहे म्हणून कायद्यातून सुटत नाही: कलम 45 ची सूट जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तूचे मूल्य असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला मिळते, पण ते दुरुस्त करूनही बार काढण्याजोगे उरलेले नसावे. दुसरीकडे 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षे ही कालमर्यादा आहे, त्यामुळे पहिल्या महायुद्धातील वेब्ली एकाच वेळी परवान्याचे शस्त्र आणि पुरावशेष ठरू शकते. परवान्याच्या कटकटीतून सुटण्यासाठी अशा शस्त्राची नळी छिद्र पाडून कायमची निकामी करण्याचा मार्ग घरच्यांना सोपा वाटतो, पण त्यापूर्वी निर्मात्याचे नाव, क्रमांक, नळीचे माप, कसोटीचे शिक्के आणि मूळ काडतुसाचे नाव यांची छायाचित्रांसह नोंद करून तिची एक प्रत जवळच्या संग्रहालयाला दिली पाहिजे, कारण नळीत एकदा छिद्र पाडल्यावर तिच्यातून कोणते काडतूस सुटत होते हे सांगणारा पुरावा बहुधा त्या नोंदीतच उरतो.